वरचं दूध आणि टाइप १ मधुमेह

वर एका ताईंनी लिहिलंय, 'वरचं दूध पाजलंस म्हणून लेकराला टाइप १ झाला' असं घरचेच सुनावतात. वाचून फार वाईट वाटलं.

ही शंका जुनी आहे. १९९२ मध्ये फिनलंडमधल्या मधुमेही मुलांच्या रक्तात गाईच्या दुधातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीज जास्त सापडल्या होत्या. पण त्यावरून कारण सिद्ध होत नाही. खरी परीक्षा 'ट्रायगर' चाचणीत झाली. १५ देशांतली २१५९ बाळं, सगळ्यांच्या आई, वडील किंवा भावंडाला टाइप १, शिवाय जनुकीय धोकाही. वरचं दूध लागलं तेव्हा एका गटाला गाईच्या दुधाची नेहमीसारखी पावडर, दुसऱ्याला प्रथिनं आधीच तोडलेली. कुणाला कुठली, हे पालकांनाही माहीत नव्हतं. साधारण साडेअकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये निकाल आला: तोडलेल्या प्रथिनांच्या गटात ८.४ टक्के मुलांना मधुमेह, नेहमीच्या पावडरीच्या गटात ७.६. म्हणजे गाईची प्रथिनं टाळून काही फायदा झाला नाही.

स्तनपान उत्तमच, त्याची कारणं वेगळी आहेत. पण ताई, हा दोष तुमच्या माथी मारू देऊ नका. घरात धाकटं भावंड असेल आणि त्याला खूप तहान, सारखी लघवी किंवा वजन घटणं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी साखर तपासून घ्या.