फायबर बोटीच्या तळात पाणी अडकलंय, जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, करमाळ्याकडं उजनीच्या बॅकवॉटरला आमची मासेमारीची फायबर बोट आहे, ती लई जड झालीय अन् मागची बाजू पाण्यात खाली बसतीय. वरून बघावं तर टिपूस पाणी नाही, म्हणजे तळ अन् वरची फरशी यांच्या मधल्या पोकळीतच साचलंय, आत फोम आहे तोही भिजला असणार. शंभर लिटर जरी मुरलं तरी एक क्विंटल वजन झालं की!

लाकडी हातोडीनं ठोकत गेलो तर पुढं खणखणीत आवाज येतो, मागं इंजिन बसतं तिथं एकदम बद्द. तिथलाच एक फोड टोकरला तर आंबूस वासाचं चिकट पाणी आलं.

सोलापुरातला टाक्या दुरुस्त करणारा एकजण म्हणतो वरनं मॅट-रेझिन (काचेच्या धाग्यांचं कापड अन् त्यावर लावायचं, वाळून कडक होणारं चिकट रसायन) मारून टाकू. मला पटत नाही, आत ओल ठेवून बंद केलं तर पाण्याची वाटच बुजणार अन् आतलं प्लायवूड कुजत राहणार, इंजिन त्याच्यावरच पेललंय.

माझ्या मते नाक वर करून बोट ठेवावी, मागं सगळ्यात खाली भोक पाडून निचरा करावा, उन्हाळाभर वाळवावी, मग तिथं पितळी ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) बसवावा. पण भिजलेला फोम फरशी कापून काढावाच लागतो का? फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांमधली पाणी जायची भोकं बुजली असतील तर कशी मोकळी करायची? अन् आपल्याकडच्या ४२ डिग्रीत रेझिन भरभर आवळतं, हार्डनर (रेझिन कडक करायला मिसळतात ते) कमी घालून पहाटे काम केलं तर चालेल का?

पोरं घेऊन पाण्यात जातो ओ, कुणी स्वतः केलं असेल तर नक्की सांगा.