अनुभव धागा: नम्रपणे दिलेला नकार

दांडिया बाजार, वडोदरा
परवा नातवाला घेऊन कमाटी बागेत गेले होते. संकल्पभूमीपाशी त्याने विचारले, इथे कोण बसले होते? १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना लाठ्या घेतलेल्या जमावाने पारशी पथिकाश्रमातून बाहेर काढले आणि रात्री ९च्या मुंबई गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी या बागेत काढले, एवढे मी सहज सांगितले. मात्र त्यांनी ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, त्यांपैकी एकाने ‘तुम्ही आलात तर घरचे नोकर सोडून जातील’ असे म्हटले आणि दुसऱ्याने पत्नीला विचारून कळवतो असे सांगितले, हे सांगताना माझी जीभ अडखळली.

१९७९ साली आमच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. एक तरुण शिक्षक आले. वडिलांनी त्यांना चहा दिला, गाव विचारले, आडनाव विचारले आणि मग पुतण्या राहायला येणार असल्याचे सांगितले. असा कोणताही पुतण्या नव्हता. मी सतरा वर्षांची होते, कपबशा उचलत होते. त्या शिक्षकांना जराही आश्चर्य वाटले नाही, ते मला अजून विसरता येत नाही.

रावपुरा
ताई, आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींच्या पेल्यात आई वरून चहा ओतीत असे. आई मायाळू होती; मावशींच्या लेकीच्या लग्नात तिने पातळ दिले, पैसे दिले. आई गेल्यावर मी मावशींना घरच्या कपात चहा दिला, तर त्यांनी तो स्वतःच विसळून बाहेरच्या पायरीवर पालथा ठेवला.

बाबाजीपुरा
१९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या आणि बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीरावांच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. दोष केवळ लाठीवाल्यांवर टाकून आपली सुटका होत नाही, असे मला वाटते.

मांजलपूर
ताई, त्या शिक्षकांच्या जागी मी बसलेलो आहे. २००८ साली घर शोधताना तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर जागा अचानक ‘आधीच दिलेली’ निघाली. शिवी कोणीच दिली नाही. शिवी दिली असती तर तक्रार तरी करता आली असती. सरबत पाजून परत पाठवलेल्या माणसाने कोणाकडे जावे?

दांडिया बाजार, वडोदरा
दादा, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. आम्ही त्या शिक्षकांचे आडनाव तेवढे विचारले होते, नाव नाही. रविवारी नातवाला पुन्हा बागेत नेणार आहे; पुतण्याची गोष्ट त्याला सांगायची राहिली आहे.

रावपुरा
सकाळी जाणार असाल तर मीही येते.