सीहॉक्सचा ड्राफ्ट: तेव्हा किती गुण दिले होते, आज किती द्याल?

एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडणं) झाला की आपण त्याच रात्री संघाच्या निवडींना गुण देऊन मोकळे होतो. सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या चाहत्यांनो, तुमचा चुकलेला किंवा खरा ठरलेला अंदाज सांगा. सुरुवात मी करतो.

२०१२. आदल्या मोसमात ७ विजय, ९ पराभव. संघाने निवडीच्या १२व्या क्रमांकावरून १५व्यावर उतरून ब्रूस अर्विनला घेतलं. बहुतेक जाणकारांच्या पहिल्या फेरीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. मग ७५व्या क्रमांकावर रसेल विल्सन! क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) मानाने बुटका, शिवाय त्याच जागेसाठी मॅट फ्लिनला मार्चमध्येच करारबद्ध केलेलं. मी सरळ नापास केलं. विल्सनने त्याच वर्षी ११ सामने जिंकून दिले आणि २ फेब्रुवारी २०१४ला आपण डेन्व्हरच्या संघाला ४३-८ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

पण मला खरी रुखरुख लागते ती बॉबी वॅग्नरची. ४७वा क्रमांक, यूटा स्टेट कॉलेजचा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू). न्यूमोनियामुळे तो कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांना, गेला नव्हता. धावण्या-उडीचे आकडे समोर नाहीत म्हणून मी त्याचा एकही सामना पाहिला नाही. पुढे दहा मोसम तो आपल्या बचावाचा कणा होता.

—

त्याच वर्षीचा सातव्या फेरीतला जे. आर. स्वीझी विसरू नका. कॉलेजात बचावफळीत खेळणारा मुलगा, इथे त्याला गार्ड, म्हणजे आक्रमणफळीतला खेळाडू, केलं. असा बदल मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

—

माझा अनुभव उलटा. २०१७ला मलिक मॅकडॉवेल ३५व्या क्रमांकावर मिळाला तेव्हा आम्ही मित्र खूश होतो. जुलैमध्ये वाहन अपघातात तो जखमी झाला आणि सीहॉक्सकडून एकही सामना खेळला नाही. यात पारख कुठे चुकली, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्या वर्षीच्या निवडींना मी गुण देतच नाही.

—

मी पुण्यातून बघते. पहिली फेरी आमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. २०२२मध्ये विल्सन डेन्व्हरला गेल्याचं दुःख ताजं होतं, त्यामुळे चार्ल्स क्रॉसचं नाव पुकारलं तेव्हा आनंदच झाला नाही. पाचव्या फेरीतल्या तारिक वूलनची तर मी दखलही घेतली नव्हती. पहिल्याच मोसमात त्याने सहा इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू सहा वेळा मध्येच पकडला. तेव्हापासून शनिवारी रात्रीच्या शेवटच्या फेऱ्याही जागून बघते, वहीत प्रत्येक नावापुढे जागा कोरी ठेवते आणि तीन मोसम झाले की भरते.