बायोडेटाच्या फोटोत रिटचिंग किती करायचं?

बारका_शटर:
मावसबहिणीचे बायोडेटासाठी फोटो काढलेत, ८५ एमएमच्या लेन्सने, गॅलरीत दुपारी चारच्या उजेडात. तिला आवडलेत. पण मावशी म्हणते डोळ्याखालचं काळं घालव, हनुवटीवरचा तीळ काढ आणि "जरा उजळ कर", आता उजळ म्हणजे एक्स्पोजर नाही हे कळलं असेलच. किती ऐकू? घरचं काम, पैसे नाहीत, नाती तेवढी सांभाळायचीत.

जुनी_निगेटिव्ह:
हे आजचं नाही रे. आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, ते निगेटिव्हवरच शिसपेन्सिलीने रिटचिंग करायचे, सुईसारखं टोक काढून, भिंगातून बघत. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक दिसते, तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती फिकी पडते. एकदा एकाच्या कपाळावरची खोक भरून टाकली तर गडी फोटो परत घेऊन आला, म्हणे हा माझा धाकटा भाऊ वाटतोय.

लेन्सवाली:
माझा हिशोब सोपा आहे, पिंपल पंधरा दिवसांत जाणार म्हणून काढते, तीळ जाणार नाही म्हणून ठेवते. काळी वर्तुळं एडिटिंगमध्ये वेगळ्या लेयरवर (फोटोवरच्या वेगळ्या थरावर) डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशने काढ आणि मग त्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, ४०-५० टक्क्यांवर आण, पूर्ण घालवलीस तर चेहरा मेणाचा दिसतो. पुढच्या वेळी थर्माकोलचा पांढरा शीट मांडीवर धरायला दे, वरून येणाऱ्या उजेडाची डोळ्याखालची सावली तिथेच निम्मी कमी होते. कातडीच्या रंगाला हात लावू नकोस. पण एक सांग, गॅलरीत हिरवं काही आहे का? हिरवट झाक पडली की माणूस आजारी दिसतो आणि घरचे त्यालाच "काळी आली" म्हणतात.

पोहे_खाल्लेली:
मावशीचं झालं, पण बहिणीला विचारलंस का? माझ्या गालावर कांजिण्यांचे खड्डे होते, ते मीच काढायला लावले, मला बरं वाटलं, उगाच नॅचरलचं लेक्चर नको. स्टुडिओवाल्याने मात्र न विचारता नाकसुद्धा बारीक केलं, बघायला आलेल्या काकू माझ्या बहिणीलाच नवरी समजून बोलत बसल्या 😅

बारका_शटर:
अहो गॅलरीला हिरवी शेडनेट आहे!! एडिटिंगमध्ये रंगाची झाक बदलणारा टिंट थोडा मजेंटाकडे (हिरव्याच्या उलट, गुलाबी-जांभळ्याकडे) सरकवला, बाकी काही नाही, तर मावशी म्हणते "हां, आता कशी दिसते". तीळ बहिणीला हवाय, म्हणून ठेवला. मावशीने अजून झूम केलेलं नाही.