टोपलीखालची पिल्लं आणि महोत्सवाची गर्दी

वाळूतला_माणूस:
परवा कुणीतरी रत्नागिरीतल्या वेळासहून परत जाऊन लिहिलंय की कासव महोत्सव (पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात तो) म्हणजे निव्वळ धंदा, पिल्लं टोपलीखाली कोंडतात, सकाळ-संध्याकाळ शो लावतात आणि मोबाईल काढला की व्हॉलंटिअर पोरं अंगावर येतात. डोकं फिरलं वाचून. बाबांनो, २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरून काम सुरू केलं, त्याआधी इथे अंडी सापडली की विकली तरी जायची नाहीतर खाल्ली तरी जायची. आज पोरं काळोखात किनारा तुडवतात, मादीचा माग भरतीच्या रेषेवरून वर गेलेला दिसला की काठी हळूच टोचत वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघतात, शंभरेक अंडी न फिरवता उचलतात (फिरली की आतला जीव जातो) आणि कुंपणात हातभर खोल खड्डा घेतात, तोही तोंडाला अरुंद, आत घागरीसारखा. अंडी त्यात पुरतात, पिल्लं निघायच्या सुमाराला वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी वरची वाळू खचली की समजायचं पिल्लं निघाली. आणि पोरं ओरडतात कारण सेल्फीसाठी तुम्ही एक पाऊल मागे टाकलंत की पायाखाली पिल्लू.

कोथरूडकर:
मीही महोत्सवाला आलो होतो, पिल्लू दिसलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ मुद्द्याला बगल देऊ नका. मध्यरात्री वर आलेलं पिल्लू सकाळी सातपर्यंत टोपलीत धडपडत बसतं. अंड्यातल्या बलकावर जेवढी ताकद असते ती पहिल्या तासांत पोहायला लागते, ती तुम्ही आम्हाला दाखवायला जाळताय. शिवाय सगळी घरटी एकाच उघड्या कुंपणात, नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, ती तापली की निघणार सगळ्या माद्याच. घरटं जागेवर राखा ना!

आंजर्ल्याची_सून:
जागेवर राखा म्हणे. कुत्र्यांनी उकरलेलं घरटं बघितलंय कधी? मी बघितलंय. मऊ टरफलं फाटून वाळूत पसरलेली, बलकाला मुंग्या, आणि एक अर्धवट पिल्लू, पोटाला बलकाची पिशवी तशीच. ही कुत्री किनाऱ्यावर आली कुठून? तुम्हीच शनिवार-रविवारी बिस्किटांचे पुडे फोडता, सोमवारी तुम्ही घरी, ती उपाशी इथे.

भूभू_प्रेमी:
आलंच कुत्र्यांवर! कोल्हा, घोरपड, रानडुक्कर काय उपास करतात का? रिसॉर्टचे दिवे रात्रभर समुद्राकडे रोखलेले, पिल्लं उलटी दिव्याकडे जातात, त्यावर कुणी बोलत नाही. मुक्या जनावराला झोडपणं सोपं. नसबंदी करा, खायला घालणाऱ्यांना शिव्या कसल्या देता?

वेंगुर्ल्याचो_पागी:
ओ ताई, तुमची माया ऱ्हवांदे. माझी शेळी फाडल्यानी त्याच कुत्र्यांनी, तेव्हा खंय होतात? नसबंदीचे पैसे कोण देतलो, तुम्ही?

भूभू_प्रेमी:
शेळी मोकळी सोडायची आणि बोंब मारायची.

आंजर्ल्याची_सून:
जीभ सांभाळा. गरिबाची शेळी म्हणजे तुमच्या रीलमधली सजावट नव्हे.

भूभू_प्रेमी:
मी रील बनवत नाही. माझ्याकडे रस्त्यावरचीच कुत्री आहेत, घरात. तुम्ही किती ठेवल्यात?

वेंगुर्ल्याचो_पागी:
कुत्रे सोडा आता. गुहागरला २०२३ साली सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. वाटेत ट्रॉलर किती लागले असतील मोजा. जाळ्यात अडकलेलं कासव बुडून मरतं, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. जाळं कापून सोडलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, चांगलंच आहे, पण फोटो काढा, कागद भरा, तोवर धंद्याचा दिवस गेला. तरी सोडतो आम्ही. आमचा महोत्सव कोण करत नाही.

कोथरूडकर:
हे पटलं. पण टोपलीचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

वाळूतला_माणूस:
देतो, साहेबांचं समाधान व्हायलाच हवं. रात्री टोपल्या वरचेवर बघायला हव्यात, निघालेली पिल्लं तेव्हाच सोडायला हवीत, पर्यटकांना दिसोत न दिसोत. काही ठिकाणी माणसं कमी पडतात आणि ते होत नाही, हेही खरं. आता एक करा, पुढच्या मोसमात आठवडाभर रात्रपाळीला या. जेवण आमच्याकडे.

कोथरूडकर:
रजा मिळाली तर येतो. तुम्ही मात्र पर्यटकांवर ओरडणं कमी करा.

वाळूतला_माणूस:
तुम्ही फ्लॅश बंद करा, आम्ही तोंड बंद करतो.

भूभू_प्रेमी:
मी कुत्र्याला घेऊन आले तर चालेल?

आंजर्ल्याची_सून:
गळ्यात दोरी असेल तर या. आणि बिस्किटं गाडीतच ठेवा.