ब्लेडसिंगरला मार लागतच नाही, फायटर खेळणारा वैतागलाय. काय करू?

भाडोत्री_डीएम

मंडळी, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी एडिशन, 2014 चे नियम, पार्टी सहाव्या लेव्हलची. फायटर, क्लेरिक (बरं करणारा), रोग (चोर) आणि एक विझार्ड (जादूगार) जो ब्लेडसिंगर, म्हणजे तलवारही चालवणारा, आहे, आणि सगळं दुखणं त्या शेवटच्याचं. डेक्स (चपळाई) 16, इंट (बुद्धी) 16, सकाळी उठला की मेज आर्मर हा संरक्षक स्पेल टाकतो म्हणजे एसी (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) 16, फाइट सुरू झाली की ब्लेडसाँग ही त्याची खास ताकद, इंटचे +3, म्हणजे 19. आणि वर शील्ड आहेच, लागलेला हल्ला परतवायला लगेच टाकायचा +5 एसीचा स्पेल.

मागच्या सेशनचा सीन सांगतो. ओगर ब्लेडसिंगरवर गदा घालतो, मी वीस बाजूंचा फासा टाकला, 17 पडले, अधिक ओगरचे 6, मी म्हटलं "तेवीस". हा शांतपणे म्हणतो "शील्ड, चोवीस". सगळे हसले. पुढच्याच टर्नला दुसऱ्या ओगरने फायटरला धरलं, तिथे 12 पडले, अधिक 6, अठरा, आणि फायटरचा प्लेट आर्मरमधला एसी बरोब्बर अठरा, लागला. फायटरवाला काही बोलला नाही, फक्त कॅरेक्टर शीटवरचे हिट पॉइंट खोडून नवीन लिहिले आणि मग अर्धा तास मोबाइल बघत बसला. सेशन संपल्यावर म्हणाला की तलवार त्याच्याकडेही आहे, जादूही त्याच्याकडे, एसीही त्याचाच जास्त, मग मी कशाला येतो, ओझी उचलायला?

मला त्याचं पटलं. पण ब्लेडसिंगरवाला नियमाबाहेर काही करत नाहीये, उलट मन लावून खेळतो, त्याचे पंख कापायचे म्हणजे जिवावर येतं. शील्ड बॅन करावं का? ब्लेडसाँगचा बोनस +2 वर आणून ठेवू? कोणी असलं काही करून बघितलंय का?

क्रिट_झाला_रे

बॅन कर आणि मोकळा हो. विझार्डने मागे उभं राहायचं असतं. सगळंच जमतं त्याला, मग बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या का.

कोबोल्ड_वकील

बॅन नको रे बाबा, आधी आकडे बघ. ओगरला +6 आहे. फायटरचा एसी 18, म्हणजे फाशावर 12 किंवा वर हवेत, 45 टक्के. ब्लेडसिंगर गात असताना 19, म्हणजे 13 हवेत, 40 टक्के. फरक किती, तर फाशाच्या एका आकड्याचा. त्या एका आकड्यासाठी तो रोजच्या तीनातला एक ब्लेडसाँग आणि एक बोनस अॅक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) घालवतोय, आणि फायटर फक्त सकाळी चिलखत घालतो. खरा फरक पडतो शील्डने, 24 झाला की ओगरला 18 लागतात, 15 टक्के.

आता शील्ड किती वेळा? सहाव्या लेव्हलला पहिल्या लेव्हलचे स्लॉट (एका स्लॉटात एक स्पेल) 4, एक मेज आर्मरने खाल्ला, राहिले 3. तुझ्या टेबलवर दिवसाला फाइट किती होतात? माझा अंदाज एक, फार तर दोन. मग तो प्रत्येक फाइटला दोन-तीन शील्ड उडवणारच, त्याला उद्याची चिंताच नाही. 2014 चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मीडियम किंवा हार्ड फाइट धरून चालतं. तेवढ्या कोणी घेत नाही हे मलाही माहीत आहे, मीही घेत नाही, पण विझार्डचं गणित त्या हिशोबावर बसवलेलं आहे आणि आपण त्याला रोज भरलेला खिसा देऊन वर म्हणतो हा फार खर्च करतो.

आणि तुझ्या पोस्टमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. तू "तेवीस" का म्हणालास?

भाडोत्री_डीएम

म्हणजे? एकूण सांगायचं नाही?

कोबोल्ड_वकील

नियमात कुठेही लिहिलेलं नाही की आकडा सांगावाच लागतो. शील्ड टाकायची वेळ कधी, तर हल्ला लागला हे कळल्यावर. तू म्हण "लागला, टाकतोस का काही?" बस. मग त्याला माहीत नसतं की 20 आहे का 25. ओगरला 19 पडले असते तर एकूण 25, शील्ड टाकूनही लागलंच असतं आणि स्लॉटही गेला असता. आणि थेट 20 पडले तर एसी कितीही असो, लागतंच. तू आकडा आधी सांगितलास म्हणजे त्याचा एकही शील्ड कधीच वाया जात नाही, पत्ते उघडे टाकून जुगार खेळायला बसवलंस त्याला. फक्त एक कर, हे मधेच गुपचूप बदलू नकोस, पुढच्या सेशनच्या आधी सगळ्यांना सांग की आजपासून असं.

शेवटचा_स्लॉट

मी स्वतः ब्लेडसिंगर खेळते, दुसरं कॅम्पेन चालू आहे, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलते असं समजा. भाडोत्री, तुमच्या फायटरला माझ्याकडून सांगा की तलवारीत तोच पुढे आहे. स्ट्रेंग्थ 18 धरली तर ग्रेटसोर्डचे दोन वार, 2डी6 (सहाचे दोन फासे) अधिक 4, सरासरी 11 आणि 11, बावीस. माझे दोन वार, एक साधा रेपियर साडेसात आणि दुसरा बूमिंग ब्लेड ही कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) लावून बारा, म्हणजे साडेएकोणीस, आणि तेही 2020 च्या सुधारित ब्लेडसिंगरला एका वाराऐवजी कॅन्ट्रिप टाकता येते म्हणून. 2015 च्या मूळ आवृत्तीत ती सोय नव्हती. शिवाय त्याला लागायचा बोनस +7, मला +6. आणि अॅक्शन सर्ज, त्याची जादा अॅक्शन? तो एका टर्नमध्ये चार वार मारतो आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) झाली की परत तयार.

हिट पॉइंट तर बोलायलाच नको. माझे 38. ओगरचा एक फटका सरासरी 13, तीन लागले की मी आडवी. तुमच्या फायटरचे कॉन (काटकपणा) 16 असेल तर 58, त्याला पाच लागतात. शील्डच्या आधी मी "नाही लागला" म्हणते तेव्हा रुबाबात म्हणते, पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी क्लेरिकच्या नावाने ओरडत असते.

खरं सांगू का, चांगला ब्लेडसिंगर तलवार फार चालवतच नाही. मला हे पहिलं कॅम्पेन अर्धं झाल्यावर कळलं. अॅक्शन एकच असते, त्यात एकतर वार कर नाहीतर स्पेल टाक. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट हातात असताना साडेएकोणीस डॅमेज कशाला, हिप्नॉटिक पॅटर्नने अर्धी फौज खिळवून ठेवता येते. ब्लेडसाँगची गोम एसीत नाही, कॉन्सन्ट्रेशनमध्ये, म्हणजे मार खाऊनही स्पेल चालू ठेवण्यात आहे. सेव्हला (त्यासाठीच्या बचावाच्या फाशाला) इंट मिळवायचं, माझं कॉन +2 आणि इंट +3, एकूण +5, साध्या 10 च्या सेव्हला फाशावर 5 पडले तरी पुरे, 80 टक्के. म्हणजे मी पुढे उभी राहून स्पेल धरून ठेवू शकते. तुमचा ब्लेडसिंगर ते करायला लागला ना, मग फायटर खुश होईल, कारण खिळलेल्या ओगरना एकेक करून तोच कापणार. बॅलन्स बिघडेल तो तेव्हा, आत्ता नाही 😄

क्रिट_झाला_रे

बरं मग बॅन नको, ग्रॅपल करा. राक्षसाने मिठी मारली की कसलं गाणं आणि कसली तलवार.

शेवटचा_स्लॉट

ब्लेडसाँग चालू असताना अॅक्रोबॅटिक्सला (निसटण्याच्या फाशाला) अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा) असतो दादा. निसटते मी. मिठी मारायची असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधी मारा.

थॅको_आजोबा

ही रड नवीन नाही पोरांनो. गिश हा शब्दच 1981 चा, गिथयांकी नावाच्या जमातीतले फायटर आणि मॅजिक-युजर एकत्र असलेले योद्धे, तिथून तो सगळ्या तलवारबाज जादूगारांना चिकटला. त्याच वर्षीच्या बेसिक नियमांत एल्फ हा वंश नव्हता, क्लास होता, चिलखत घालून तलवार चालवायचा आणि स्पेलही टाकायचा. मग बॅलन्स कसा केला? एकदम रोखठोक. फायटर 2000 एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) दुसऱ्या लेव्हलला जायचा, एल्फला 4000 लागायचे. तुम्ही सगळं करा, पण उशिरा करा. टेबलवर काय व्हायचं तर सुरुवातीला सगळे सारखेच आणि पुढे पुढे एल्फवाला कायम मागे पडून कुरकुर करायचा. म्हणजे तेव्हाही एकजण मोबाइल बघत बसायचा, फक्त मोबाइल नव्हता.

तिसऱ्या एडिशनने दुसरीकडून दाबलं. चिलखत घातलं की आर्केन स्पेल फसण्याची शक्यता, फुल प्लेटमध्ये 35 टक्के. ते मला कधीच आवडलं नाही. अख्ख्या टर्नची वाट बघायची, स्पेल निवडायचा आणि शंभराच्या फाशाने सांगायचं की बस खाली.

मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक तोड पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या एडिशनमधल्या मॅगसची, 2021 ची. तलवार आणि स्पेल एकाच फटक्यात जातात, स्पेलस्ट्राइक, पण तीनातल्या दोन अॅक्शन खातात आणि पुन्हा करायचं तर आधी एक अॅक्शन घालवून रीचार्ज. आणि मुख्य स्लॉट चारच, वरच्या लेव्हललाही. पूर्ण विझार्ड नव्हेच तो. तुमचा ब्लेडसिंगर मात्र नऊही लेव्हलचे स्पेल शिकणारा पूर्ण विझार्ड आहे ज्याला वर तलवार फुकट दिली आहे, त्यामुळे फायटरच्या पोराचा राग मला चुकीचा वाटत नाही. एल्ड्रिच नाइट या जादूवाल्या फायटरकडे बघा, तोही तलवार आणि जादूच करतो, पण स्पेल विझार्डच्या एक तृतीयांश वेगाने मिळतात. त्याच्यामुळे कोणी भांडल्याचं ऐकलंय का कधी?

कोबोल्ड_वकील

आजोबा, बाकी मान्य, पण सहाव्या लेव्हलला तो राग त्या कॅरेक्टरवर नाही, डीएमवर काढायला हवा. भाडोत्री, तुझे सगळे राक्षस गदा घेऊन एसीवरच का मारतात? एसी चुकवणारं काहीतरी आण. शत्रूकडे एक फायरबॉल असू दे, 8डी6, सरासरी 28, डेक्सची सेव्ह, आणि विझार्डला डेक्स सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी नसते. फसला तर 38 मधले 10 उरतात. तिथे 24 चा एसी भिंतीवर टांगलेल्या ढालीइतकाच कामाचा. काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणं) करू दे त्याला, करेल तर रिअॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमधली कृती) गेली, मग त्या राउंडला शील्ड नाही. रिअॅक्शन एकच असते हे डीएम लोक विसरतात आणि खेळाडू विसरल्यासारखं करतात.

पण दर फाइटला फायरबॉल नको, नाहीतर तो मुद्दाम केल्यासारखं दिसेल आणि दुसरा मोबाइल बाहेर निघेल.

भाडोत्री_डीएम

अपडेट देतो. काल खेळलो. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं की आकडे बोलणार नाही आणि आज एका दिवसात चार फाइट आहेत, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) मिळणार नाही, एकदा शॉर्ट रेस्ट. ब्लेडसिंगरवाल्याने भुवया उंचावल्या पण हो म्हणाला.

पहिल्या फाइटला नेहमीसारखे दोन शील्ड उडवले, त्यातला एक वाया गेला, मला 19 पडले होते. त्याचा चेहरा बघायला हवा होता. दुसरीपासून तो विचार करायला लागला, "लागला, टाकतोस काही?" म्हटलं की गप्प, बोटं मोजतो, मग म्हणतो "राहू दे, घेतो अंगावर". शॉर्ट रेस्टमध्ये आर्केन रिकव्हरीने, विझार्डच्या स्लॉट परत मिळवण्याच्या सोयीने, एकूण तीन लेव्हल भरतील एवढे स्लॉट परत घेतले, तिन्ही पहिल्या लेव्हलचे, शील्डसाठीच. चौथ्या फाइटला ब्लेडसाँग संपले होते, तरी पुढे घुसला आणि दुसऱ्या राउंडला शून्यावर. फायटरने सेकंड विंड (थोडे हिट पॉइंट परत) घेतली, अॅक्शन सर्ज मारला, एका टर्नमध्ये ओगर संपवला आणि याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. ओझं उचलायलाच येतो म्हणे, असं तोच स्वतः म्हणाला आणि सगळे खदखदून हसले.

आजोबांचा मुद्दा पुढच्या लेव्हलना डोक्यात ठेवतो, फायटरसाठी एखादी चांगली तलवार पेरावी लागेल असं दिसतंय. फक्त एक शंका राहिली. मेज आर्मर 8 तासच टिकतं हे मला घरी आल्यावर आठवलं. चौथी फाइट संध्याकाळी होती. म्हणजे त्याचा एसी तेव्हा 13 च धरायला हवा होता का?

कोबोल्ड_वकील

सकाळी किती वाजता टाकलं होतं ते त्याला विचार. आठवत नाही म्हणाला तर संपलं होतं.