कूलंट कमी होते, पण गाडीखाली त्याचा थेंब दिसत नाही

घोडबंदरकर:
माझ्या 9 वर्षे जुन्या पेट्रोल गाडीतील कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दोन महिन्यांत दोनदा टाकीवरील खालच्या खुणेपर्यंत उतरली. मी रोज कासारवडवलीहून ऐरोलीला जातो आणि परवा माजिवड्याच्या कोंडीत तापमानाचा काटा प्रथमच मधल्या खुणेच्या वर चढला. संध्याकाळी गाडी लावताच खाली पुठ्ठा सरकवून पाहिला, तर त्यावर केवळ स्वच्छ पाण्याचा डाग पडला. गॅरेजमध्ये काहीही न तपासता रेडिएटर बदलण्यास सांगण्यात आले. एवढा खर्च करण्याआधी गळती नेमकी कोठे आहे, हे कसे शोधावे?

जुना मिस्त्री, वाशी:
पुठ्ठ्यावरील पाणी एसीचे असावे, कारण कूलंट रंगीत असते, बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. गळती बारीक असेल तर कूलंट तापलेल्या इंजिनावरच वाळते आणि मागे हिरवा, गुलाबी किंवा पांढरट थर उरतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तो थर होज पाइपच्या क्लिपांपाशी, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमला जोडली जाते त्या शिवणीवर आणि विशेषतः वॉटर पंपाच्या खाली शोधा. पंपाचे सील झिजले की त्याच कामासाठी ठेवलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे वीप होलमधून, कूलंट पाझरू लागते.

त्यानंतर प्रेशर टेस्टचा आग्रह धरा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या किंवा कूलंट टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, म्हणजे बहुधा 1 बारच्या आसपास, दाब भरतात आणि पंधरा मिनिटे दाबाचा काटा उतरतो का ते पाहतात. थंड इंजिनावर कूलंट वाळत नसल्याने एरवी न दिसणारा थेंब येथे दिसतो. झाकणही तपासून घ्या. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नका, त्याने हात आणि चेहरा भाजतो.

कळव्याची ताई:
टेस्टमध्ये दाबाचा काटा उतरला आणि बाहेर कोठेच थेंब नसला, तर शेजारच्या सीटपुढील गालिचा ओला आहे का, काच आतून चिकट धुरकटते का, हे पाहावे. तसे असल्यास हीटरचा छोटा रेडिएटर गळत असतो. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधील सीलचा) संशय घ्यावा आणि गाडी चालवू नये. गळती बुजवणारी पावडर मी टाकू देणार नाही, कारण तिने रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबू शकतात.

घोडबंदरकर:
दुसऱ्या गॅरेजमध्ये टेस्ट करून घेतली. दहा मिनिटांत काटा खाली आला आणि पंपाखालच्या गुलाबी थरावर एक टपोरा थेंब जमताना मी स्वतः पाहिला. रेडिएटर ठणठणीत निघाला. माझ्या इंजिनात हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळे उद्या पंपासोबत बेल्टही बदलत आहे.

जुना मिस्त्री, वाशी:
योग्य केलेत, नाहीतर त्याच मजुरीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले असते. भरताना कंपनीने सांगितलेलेच कूलंट घ्या, ते तयार मिश्रण नसेल तर त्यात निम्मे डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचे पाणी नको, आणि हीटर चालू ठेवून आत अडकलेली हवा काढून घ्या. काढलेले जुने कूलंट पार्किंगमध्ये सांडू देऊ नका. मांजरे ते चाटतात आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉलने दगावतात.